दोर, दोरा, दोरी आणि बाकीचं गणगोत: कुठला शब्द कुठे बांधायचा

बेळगावकडच्या निपाणी, चिकोडी किंवा खानापूरच्या बाजारात नुसतं "दोरी द्या" म्हटलं, की दुकानदार काही काढत नाही, उलट विचारतो, "कशाला पाहिजे?" प्रश्न अगदी रास्त आहे. दोरीला मराठीत दोन-तीन डझन शब्द आहेत आणि शाळेच्या वहीत ते सगळे 'समानार्थी' म्हणून एका ओळीत बसवले जातात: दोर, रस्सी, रज्जू, सुतळी, चऱ्हाट. प्रत्यक्षात त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. म्हणून शब्द निवडताना तीन गोष्टी बघायच्या: वस्तू किती जाड आहे, कशाची आहे, आणि काय काम करते. तिसरी गोष्ट पहिल्या दोघींवर मात करते. कासरा सुताचा असो की नायलॉनचा, बैल हाकायला हातात धरला की तो कासराच.

जाडीप्रमाणे

दोरा सुईच्या नेढ्यातून जातो. तो कापड शिवतो, फुलं ओवतो, बिडी बांधतो. (निपाणीकडे घरोघरी तेंदूच्या पानाची बिडी वळून झाली की तिला गुंडाळतात तो दोराच. त्याला दोरी म्हटलं तर बिडी वळणाऱ्या बायका हसतील.) दोरी त्याहून जाड, साधारण करंगळीपर्यंत, गठ्ठा, पाळणा, कपडे वाळत घालायची वलणी ही तिची कामं. दोर मुठीत धरावा लागतो आणि माणसाचं किंवा जनावराचं ओझं पेलतो. दोरखंड म्हणजे त्याहूनही जाड, अनेक पेडांचा. सिंहगडावर सूर्याजीने कापले ते दोर. म्हणून 'परतीचे दोर कापले' असंच म्हणायचं. 'परतीच्या दोऱ्या कापल्या' म्हटलं की १६७० सालचा तो कडा एकदम कपड्यांच्या वलणीवर येतो.

धागा हा दोऱ्याचा जवळचा भाऊ. फरक असा की धागा कापडाच्या आतला असू शकतो, दोरा रिळावरचा, वापरायला तयार असलेला. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग भागात मागांवर साडी विणली जाते. तिथल्या उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्यांना बाणा म्हणतात. त्यांना दोरे म्हणत नाहीत. रस्सी हा हिंदीकडून आलेला शब्द. 'रस्सीखेच' या खेळापुरता तो पक्का झाला आहे, तिथेच शोभतो. गोठ्यात 'रस्सी' म्हटलं की बोलणारा शहरातून आला आहे हे कळतं.

जाडी बोलताना जुनी माणसं 'सूत' हे माप वापरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. दोन सुती म्हणजे सुमारे ६ मिमी, तीन सुती साडेनऊ, चार सुती साडेबारा. दुकानातल्या नायलॉनच्या वेटोळ्यावर मिमी लिहिलेले असतात, त्यामुळे घरातून 'तीन सुती आण' असा निरोप आला तर दुकानात १० मिमी मागायचा.

लांबीचं माप हात आणि वाव. हात म्हणजे दीड फूट. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, म्हणजे चार हात, सहा फूट. विहिरीचा दोर वावावर मोजायचा. मोजताना दोर ताणलेला हवा. सैल मोजला की माप चुकतं.

कशाची?

इथे मोठा गोंधळ सुतळीपासून सुरू होतो. सुतळीच्या नावात सूत आहे, अंगात मात्र सूत नाही, ती तागाची. पोतं शिवायला, गठ्ठा बांधायला वापरायची. सुताची बारीक दोरी हवी असेल तर 'सुती दोरी' असं स्पष्ट मागावं.

दुसरा गोंधळ तागाचा. भूगोलाच्या पुस्तकातला ताग म्हणजे बंगालचा, पोत्यांचा. शेतकरी ज्याला ताग म्हणतो आणि हिरवळीचं खत म्हणून नांगरून गाडतो, ते पिवळ्या फुलांचं वेगळंच पीक. त्याला सण असंही म्हणतात. दोन्हीपासून दोर होतो, पण बी मागताना आणि लेख लिहिताना दोन्ही एक समजू नयेत.

वाख म्हणजे झाडापासून काढलेला लांब तंतू: घायपाताचा, अंबाडीचा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मुरुडशेंगेच्या सालीचाही. घायपातालाच काही भागांत केकताड म्हणतात. काथ्या फक्त नारळाच्या सोडणाचा. सुंभ म्हणजे काथ्याची किंवा तसल्याच राठ तंतूची वळलेली जाडीभरडी दोरी. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण खरी का, ते हवं तर सुंभ पेटवून बघावं: राख होऊनही वेढ्यांचा आकार तसाच राहतो, फुंकर मारेपर्यंत.

चामड्याची असेल तर तिला दोरी म्हणायचंच नाही, ती वादी. अथणीकडे कोल्हापुरी चपला शिवतात त्या वादीने. (२०१९ साली या चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही आहेत.) आतड्याची असेल तर तांत, धातूची असेल तर तार, आणि मासे धरायच्या गळाला लावतात ती तंगूस.

आता काय टिकतं ते. काथ्या पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून ओल्या जागी तो. तागाची सुतळी ओलीत राहिली की काही आठवड्यांत विटते. सुती दोर हाताला मऊ, पण भिजला की फुगतो आणि आखडतो. पावसात मांडवाचा तणावा आपोआप ताठ होतो आणि खुंटी उपटली जाते, त्याचं कारण हेच. म्हणून सुती किंवा वाखाचा तणावा पावसाळ्यात थोडा सैल बांधायचा. नायलॉन तेवढा आखडत नाही, पण ताणला की लांबतो आणि गुळगुळीत असल्याने साध्या गाठीतून निसटतो. चकाकणारा, पाण्यावर तरंगणारा प्लास्टिकचा दोर उन्हात दोन-तीन हंगामांत ठिसूळ होतो. हातात पांढरी पूड लागू लागली की तो ओझ्याला वापरू नये.

वळताना लागणारे शब्द

दोर 'बनवत' नाहीत, वळतात. पूर्वीच्या बलुतेदारीत गावाला नाडे, सौंदर, कासरे, दावी पुरवायचं काम मातंग समाजाकडे होतं, आणि दोराची बरीचशी नेमकी मराठी त्या हातांतूनच आली आहे. हे शब्द कळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एक दोर वळून बघणं.

अंबाडी फुलावर येत असताना कापायची. बोंडं धरेपर्यंत ठेवली तर वाख राठ होतो. ताटांच्या पेंढ्या बांधून साचलेल्या पाण्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचा, कारण पेंढी तरंगली की वरची बाजू कच्ची राहते. पाणी उबदार असेल तर साधारण १० ते १५ दिवस. दिवस मोजत बसण्यापेक्षा आठवड्यानंतर रोज एक ताट काढून बुडख्याकडून साल ओढून बघायची. सरळ सरकून आली की झालं. लवकर काढली तर साल काडीला चिकटून तंतू तुटतो. उशीर झाला तर तंतूच कुजतो. तो दिसायला छान पांढरा असतो, पण झटका दिला की तुटतो.

घायपाताला भिजवत ठेवायची गरज नाही. ताजं पान ठेचून, बोथट पात्याने खरवडून गर काढायचा आणि वाख लगेच धुवायचा. त्याच्या रसाने अंगाला भयंकर खाज सुटते, म्हणून हाताला तेल लावून किंवा हातमोजे घालून बसावं. शंभर किलो पानांतून तीन-चार किलोच वाख निघतो. आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर अर्ध्यात सोडावंसं वाटतं.

सुकलेला वाख किंचित ओला करून ढेऱ्यावर (वाख पिळायच्या लाकडी फिरकीवर) पीळ देत एक लांब पेड तयार करायचा. असे तीन पेड घेऊन ते एकत्र, उलट्या दिशेने वळायचे. ही उलटी दिशाच दोराचं मर्म: प्रत्येक पेड आपला पीळ सोडायला बघतो, आणि तो जितका सुटायला बघतो तितका उलटा वळसा घट्ट बसतो. तिन्ही पेड एकाच दिशेने वळले तर हात सोडताच सगळं उलगडतं. १० हात दोर हवा असेल तर पेड १४-१५ हातांचे घ्यावेत, बाकीची लांबी पिळात जाते. तीन पेडांवरचा ताण सारखा हवा. एक सैल राहिला तर तो बाकीच्या दोघांभोवती नागमोडी फिरतो आणि ओझं दोघांवरच येतं. असा दोर जाड दिसतो पण तिपेडी नसतो. टोकं दोऱ्याने गच्च गुंडाळायची. वरची कुसं काढायला दोर जाळावरून झरकन फिरवायचा. नायलॉनचं टोक मात्र वितळवून बंद करतात, गुंडाळत नाहीत.

वेणीसारखा एकमेकांत विणलेला असेल तर तो गोफ. तिथे क्रियापद 'विणणे'. आणि खूप लांब, संपता संपत नाही असा दोर म्हणजे चऱ्हाट. म्हणूनच लांबलचक बोलणाऱ्याबद्दल 'काय चऱ्हाट लावलंय' म्हणतात.

गोठा

शब्दांची खरी श्रीमंती इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

वेसण नाकातून जाते. म्होरकी तोंडाभोवती आणि डोक्यावरून. कासरा वेसणीला किंवा म्होरकीला बांधून हाकणाऱ्याच्या हातात येतो. दावं गळ्यापासून खुंट्यापर्यंत. अनेक जनावरं ओळीने बांधायची सोय ती दावण. मुसकं म्हणजे दोरीची जाळी. मळणीत किंवा कोळपताना बैलाने तोंड घालू नये म्हणून ती त्याच्या तोंडाला बांधतात. जुपणी बैलाची मान जुवाला धरून ठेवते. आता क्रियापदं: वेसण घालायची, कासरा धरायचा किंवा ढिला सोडायचा, दाव्याला बांधायचं, दावणीला उभं करायचं, मुसकं बांधायचं. 'महागाईला कासरा घातला' असं कधीमधी छापलेलं दिसतं; घालायची ती वेसण.

कासरा वेळेचंही माप आहे. दिवस कासराभर वर आला म्हणजे सूर्य उगवून क्षितिजापासून एका कासऱ्याएवढा वर चढला.

दावं चार-पाच हातांचं पुरतं. लांब केलं तर पायात अडकून जनावर पडतं, आखूड केलं तर त्याला बसता येत नाही. गळ्यातल्या वेढ्याला सुरगाठ कधीही मारू नये. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सरकणारी गाठ. जनावराने हिसका दिला की तिचा फास होतो. गळ्यात निरगाठ, म्हणजे न सरकणारी, आणि आत चार बोटं जाण्याइतकी सैल. खुंट्याकडे मात्र सुरगाठ चालते, किंबहुना हवीच, कारण आग लागली किंवा जनावर अडकलं तर एका झटक्यात सुटली पाहिजे. खानापूरच्या पावसात भिजलेली सुती निरगाठ बोटांनी सुटत नाही. गाठीत जाड खिळा खुपसून हलवत सोडवावी. वेसणीला नायलॉन वापरू नये, नाक कापतं.

नाडा आणि सौंदर हे शब्द मोटेबरोबर मागे पडले, तरी जुन्या बोलण्यात भेटतात. नाडा जाड, तो वरच्या चाकावरून जाऊन मोटेचं सगळं ओझं उचलायचा. सौंदर बारीक, ती खालच्या कण्यावरून मोटेच्या सोंडेला. सौंदर नीट मापाची नसेल तर सोंड थारोळ्यात (वर पाणी ओतायच्या जागी) न रिकामी होता विहिरीतच ओतते. आज नाडा म्हटलं की लेंग्याचाच आठवतो.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी बाजारात नवे कासरे, म्होरक्या, कंडे, गोंडे टांगलेले दिसतात. सीमाभागात हा सण ज्येष्ठ पौर्णिमेला होतो, त्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात, कन्नडमध्ये कारहुण्णिमे. त्या दिवशी बैलांकडून तोडवतात तो पानं गुंफलेला दोर म्हणजे 'कर'. क्रियापद ठरलेलं: कर तोडणे. कापणे नव्हे.

शेतात दोर न वापरता बांधायचीही रीत आहे. उसाची मोळी उसाच्याच वाढ्याने बांधतात. त्याला दोरी म्हणत नाहीत, वाढ्याने 'मोळी आवळली' एवढंच.

अंगावरचे दोरे

कमरेचा तो कडदोरा किंवा करदोटा. परकराची, लेंग्याची नाडी. हातात बघायची नाडी निराळी, फक्त आवाज सारखा. मंत्रून बांधला तर गंडा. श्रावणातल्या पौर्णिमेचं सुताचं पोवतं. मुंजीतलं जानवं. लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग ज्यात असतं तो शिवदार.

शेजारचा कन्नड शब्द

शिवदार या शब्दाने आपण सीमेवर आलोच. कन्नडमध्ये दार म्हणजे दोरा. त्यामुळे बेळगावच्या दुकानात कुणी 'दार' मागितलं तर सुताराकडे पाठवू नये. एकदा हे लक्षात आलं की पुढचे शब्द आपोआप उलगडतात: मूगु म्हणजे नाक, म्हणून मूगुदार ही वेसण, उडिदार हा कडदोरा. दोराला हग्ग म्हणतात आणि रस्सीखेचीला हग्गजग्गाट. हा शब्द मराठीपेक्षा मजेदार आहे हे मान्य करायला हवं. वळलेली बारीक दोरी हुरि, सूत म्हणजे नूलु, दावं म्हणजे कण्णी, नाडी म्हणजे लाडी. तंतूला नारु म्हणतात. आपल्याकडे नारू हे पायातून निघणाऱ्या दोऱ्यासारख्या जंताचं नाव, म्हणून पहिल्यांदा ऐकताना जरा दचकायला होतं. अंबाडी म्हणजे पुंडी. भाजी म्हणून तीच भाकरीबरोबर ताटात येते. घायपाताला कत्ताळे. गजरेवाली मोळावर माप सांगत असेल तर तो आपला हात, आणि मारु म्हणजे वाव.

मराठी वाक्यात हे शब्द किती घ्यावेत? संवाद लिहिताना जरूर. माहिती लिहिताना मराठी शब्द ठेवून पहिल्यांदाच बाजूला कन्नड शब्द द्यावा, म्हणजे पुण्या-मुंबईचा आणि अथणीचा, दोन्ही वाचक चुकत नाहीत.

पुस्तकी शब्द

रज्जू, सूत्र, तंतू, पाश, दाम हे संस्कृतातले. यातला 'दाम' ओळखीचा आहे: ज्याच्या उदराला दाम बांधलं तो दामोदर, आणि गोठ्यातलं दावंही त्याच घराण्यातलं. रज्जू सुटा वापरू नये. मेरुरज्जू किंवा 'रज्जूवर भासणारा सर्प' असा जोडीनेच शोभतो. शरीरात दोरी कुठेच नाही: पाठीच्या कण्यात मेरुरज्जू, गळ्यात स्वरतंतू, बाळाची ती नाळ. विजेची वायर, चार्जरची केबल. तिथे 'विद्युतदोरी' वगैरे घडवायच्या भानगडीत पडू नये. पतंगाचा तो मांजा, आणि त्यातला नायलॉनचा, पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणारा, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंद केला आहे.

लिहिताना

दोर पुल्लिंगी: तो दोर, ते दोर, दोराने. दोरा पुल्लिंगी: तो दोरा, ते दोरे, दोऱ्याने. दोरी स्त्रीलिंगी: ती दोरी, त्या दोऱ्या, दोरीने. अडचण दोन ठिकाणी येते. 'दोऱ्या' हे दोरीचं अनेकवचन, आणि 'दोऱ्याला' मधलं दोऱ्याचं सामान्यरूपही तसंच दिसतं. आणि 'दोऱ्यांना' म्हटल्यावर दोरे की दोऱ्या हे कळतच नाही. तिथे 'शिवणाच्या दोऱ्यांना', 'वलणीच्या दोऱ्यांना' असं सांगून टाकावं.

मोबाइलवर 'दोर्या' आणि 'चर्हाट' असा रफार पडतो, तो चूक. सूर्या आणि दोऱ्या यांचा उच्चार वेगळा आहे. कळफलकावर र दाबून ठेवला की बऱ्याच ठिकाणी खाली टिंब असलेला ऱ मिळतो. तो घ्यायचा, पुढे हलन्त, मग या किंवा हा. दोऱ्या, चऱ्हाट, कासऱ्याला, ढेऱ्यावर हे सगळे असेच लिहायचे.